बास्केटबॉलसाठी नातीला मागणं

तलवाड्यात माझा ओटा आणि चुलतभावाचा ओटा, मधी एक बोळ. त्याची नात अंबाजोगाईच्या मोठ्या कॉलेजात, माझी गेवराईच्या लहान कॉलेजात. दोघी बास्केटबॉल खेळतात. दरसाल कॉलेजांच्या स्पर्धेत अंबाजोगाईचंच कॉलेज जिंकतं, आणि दरसाल चुलतभाऊ पेढ्याचा पुडा घेऊन सगळ्यात आधी माझ्या दारात येतो. मी पेढा तोंडात टाकतो. लई कडू लागतो.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पण जत्रेत कुस्त्यांच्या जोड्या मीच लावायचो. दोन गडी समोरासमोर उभे करायचे, एक भारी वाटला तर त्याला बाजूला काढून तोलामोलाचा आणायचा. हलक्यावर भारी सोडला तर लोक पंचाला शिव्या देतात. इथं सगळं उलटं. जिल्ह्यात कुठं एखादी पोरगी उंच निघाली, की ते कॉलेज तिला उचलतं. होस्टेल, बूट, दूध, सगळं देतं. बाकीची कॉलेजं नुसती हरायला जातात.

यंदाच्या फायनलला माझी नात हरली, पण चुलतभावाच्या नातीला तिनं रिंगखाली हलू दिलं न्हाई. त्यानंतर थोड्याच दिवसांनी चुलतभाऊ त्यांच्या कोचला घेऊन माझ्या ओट्यावर आला. पोरगी बघायला आल्यासारखे बसले दोघं. सूनबाईनं पोहे दिले. कोच नातीला म्हणाले, "जरा उभी राहा, बेटा," आणि वरपासून खालपर्यंत बघितलं.

"दादा, पाठवा की हिला," चुलतभाऊ म्हणाला. "माझी हायच तिथं. सांभाळून घेईल."

सांभाळून घेईल, हे मला झोंबलं. सगळ्या उंच पोरी एकाच घरी नांदायला गेल्या तर खेळायचं कुणाशी, असं कोचला विचारायचं माझ्या मनात होतं. पण तोंडातून दुसरंच निघालं.

"सर, रिंगखाली उंच पोरी किती लागतात?"

"एकच."

"आत्ता कोण हाय तिथं?"

कोचनी चुलतभावाकडं बघितलं. "यांचीच नात."

"मग ही आल्यावर ती?"

"बसेल बाकावर. कधीमधी उतरवू."

चुलतभावाचा चमचा पोह्यातच राहिला. एवढं त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"घेऊन जा सर हिला," मी म्हणालो. "पाहिजे तर आजच."

"आबा, मी न्हाई जात," नात म्हणाली.

"कावून?"

"तिला बाकावर बसवून मला काय भेटणार? मला तिला समोरून हरवायचंय."

"बरोबर हाय पोरीचं," चुलतभाऊ घाईघाईनं म्हणाला. "कॉलेज घराजवळ असल्यालंच बरं."

"तू गप बे," मी म्हणालो.

कोच पोहे संपवून गेले. चुलतभाऊ बोळातून हसत गेला. संध्याकाळपर्यंत मी नातीशी बोललो न्हाई. तिचा हट्ट माझ्यावरच गेलाय, हे कळत होतं, तरी राग उतरेना. ती परसात भिंतीवर बॉल आपटत होती, आणि त्याच्या नातीला बाकावर बसल्याली बघायचं माझं राहूनच गेलं.