अक्कांचं चार इंजिनांचं विमान

पंखा दुरुस्त करून परत जोडला की दोन स्क्रू उरतातच. कुठले ते कळत नाही, टाकवतही नाहीत, म्हणून ते डब्यात जातात. आमच्या रविवारच्या बैठकीच्या गोष्टींचं तसंच झालंय. तीन निवृत्त इंजिनवाले, एक अक्का आणि एक बाँबर विमान एवढाच मामला, पण डबा भरत आलाय!

बैठक बेंगळुरूच्या येलहंक्याला, हवाई दलाच्या तळाशेजारी, सुमित्राअक्कांच्या व्हरांड्यात. अक्का चौऱ्याऐंशीच्या. दुसरं महायुद्ध संपल्यावर परदेशी लोक आपली लिबरेटर बाँबर कानपूरला टाकून गेले. जाताना मुद्दाम मोडून गेले, कुणी उडवू नये म्हणून. आपल्या लोकांनी ती जोडली, उडवत बेंगळुरूला आणली आणि इथे ठाकठीक केली. त्या कामात अक्कांचे बाबा पत्र्याला ठिगळं मारायचे.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं, अक्कांची नजर हळूहळू जाणार. अक्का आम्हाला म्हणाल्या, "दिसतंय तोवर बाबांचं विमान एकदा बघायचंय. एवढे इंजिनिअर येऊन माझा उपमा खाता, एक मॉडेल करा की!"

पेंडसे आमच्यातले डिझाइनवाले. त्यांनी लगेच वही उघडली. "कुठलं व्हेरिएंट?"

"चार इंजिनांचं!" अक्का म्हणाल्या.

पेंडशांनी वही मिटली.

*

पेंडशांना व्हेरिएंटचं वेड. सुरुवातीच्या लिबरेटरला काचेचं नाक होतं, पुढच्यांना नाकावर मशीनगनचा फिरता घुमट आला, नौदलाच्या भावंडाला तर दोनाऐवजी एकच उभं शेपूट. हे सगळं ते दर रविवारी पहिल्यापासून सांगत.

वर हवाई दलाचं जेट आलं की आमच्याकडे वाक्य अर्ध्यावर थांबतं, आणि ते गेलं की त्याच शब्दापासून सुरू होतं. एकदा आमच्यातला तिसरा, बसवंतअण्णा, वैतागून म्हणाला, "पेंडसेसाहेब, तुम्ही एक नंबरचे..." आणि जेट आलं. पेंडसे हसऱ्या चेहऱ्याने वाट बघत राहिले. जेट गेलं.

"...हट्टी हाय!" अण्णा म्हणाला.

*

हा अण्णा निपाणीचा, हाताने फिटर. लिबरेटरची बाँबची दारं खाली लोंबत नाहीत, दुकानाच्या शटरसारखी गुंडाळून बाजूला वर जातात. आमच्या मॉडेलमधली अडकायची. म्हणून अण्णा बाजारात एका हार्डवेअरच्या दुकानासमोर जाऊन बसला.

"काय पाहिजे?" मालकाने विचारलं.

"शटर बंद करा." मालकाने केलं. "सरी, बरोबर. आता उघडा. स्वल्प हळू."

चौथ्या वेळी मालक म्हणाला, "अण्णा, चोरीच करायची असेल तर एकदा बघून पुरे की!"

दारं मात्र दुसऱ्या दिवशी लोण्यासारखी सरकली.

*

पंख के. आर. पुरमच्या एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये वाकवून घेतला. लिबरेटरचा पंख लांबलचक आणि अरुंद. मी आणि पेंडसे तो मांडीवर आडवा धरून रिक्षात बसलो, तर दोन्हीकडून बाहेर आला. रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं. "सार, विमान इदेयल्ला, आटो याके?"

विमान आहे की, मग रिक्षा कशाला? पेंडसे त्याला व्हेरिएंट सांगू लागले.

*

मग अक्कांना ट्रंकेत बाबांच्या विमानाचा फोटो सापडला. पेंडसे भिंग लावून बसले आणि घाम पुसत म्हणाले, "हा फोटोच चुकीचा आहे! नाक एका व्हेरिएंटचं, मागचे पत्रे दुसऱ्याचे!"

"ओ साहेब, मोडक्यांतनं जोडलेलं इमान हाय ते," अण्णा म्हणाला. "जे गावलं ते लावलं."

"मग मी मॉडेलच्या पाटीवर व्हेरिएंट कुठलं लिहू?"

पेंडशांनी फोटो सोडून पुस्तकातल्या एकाच व्हेरिएंटप्रमाणे करायचं ठरवलं. एका ओरखड्यासाठी तीन आठवडे पॉलिश चाललं. मी म्हटलं, "अहो, अक्कांचे डोळे थांबणार नाहीत." ते म्हणाले, "चुकीचं दाखवू का त्यांना?" मी पॉलिशचा बोळा परत हातात घेतला. घ्यायला नको होता.

*

विमान घेऊन गेलो तेव्हा अक्कांना उजेड तेवढा कळत होता. आम्हाला आमचीच लाज वाटली.

"असू दे. आणा इकडे," त्या म्हणाल्या. "बाबा ठिगळ मारलं की डोळे मिटून तळवा फिरवायचे. डोळा फसतो, तळवा नाही म्हणायचे. घरी डब्यांवर मलाही शिकवलं त्यांनी."

त्यांनी डोळे मिटले. नाकापासून शेपटापर्यंत तळवा गेला आणि तसाच परत आला.

"सुरेख झालंय," अक्का म्हणाल्या. "पण हे बाबांचं नव्हे. ह्याला ठिगळच नाही."

वरून जेट गेलं. ते गेलं तशी पेंडशांनी वही उघडली. "अक्का, कुठे होतं ठिगळ?"

अक्कांनी डाव्या पंखामागे बोट ठेवलं.

पुढच्या रविवारी पेंडसे एकटेच विमान उचलून घेऊन आले. पाटी लावलेली होती: 'लिबरेटर. चार इंजिनांचं.' डाव्या पंखामागे नखाएवढा पत्रा, तो धरायला ठोकलेले आठ बारीक रिव्हेट.

अक्कांनी डोळे मिटून तळवा फिरवला. पंखामागे थांबल्या.

"एक रिव्हेट वर आलाय."

पेंडसे खिशातली कानस काढत उठले. "चुकलं माझं. आत्ता घासतो."

अक्कांनी तळवा उचलला नाही.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "बाबांचाही यायचा."