भाऊ माझा, गाणं शशीचं

शशी गेल्याचा फोन तिच्या नवऱ्याने, दिलीपने केला. सकाळी चहा करताना छातीत कळ आली आणि रिक्षा मिळेपर्यंत सगळं संपलं होतं. मी आईला सांगितलं. ऐंशीच्या घरातली माझी आई तिथेच फरशीवर बसली आणि मोठ्याने रडली. आमचा रवी गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती. तिला सावरताना माझ्या मनात आलं, हिच्यासाठी इतकं?... मैत्रीण गेल्याच्या दिवशी असं काही सुचू नये, पण सुचलं.

शशी आणि मी मुलुंडच्या एकाच शाळेत शिकवायचो. मी मराठी, ती संगीत. गॅदरिंगला शब्द माझे आणि चाल तिची, हे ठरलेलं. मुलं शब्द विसरायची आणि चाल गुणगुणत घरी जायची. तेव्हाही मला तिचा हेवा वाटायचा, पण तो हसण्यावारी जायचा.

मग बाजारात बॉम्बस्फोट झाला आणि त्यात रवी, माझा धाकटा भाऊ, गेला. काही वर्षांनी तिथल्याच चौकात स्मारक करायचं ठरलं. गेलेल्यांच्या घरच्यांनी गाणं मला लिहायला सांगितलं, आणि ते माझंच होतं असं मी धरून चालले होते. ज्वाला, रक्त, अमर ज्योत... सगळं घालून मी ते लिहिलं आणि चालीसाठी शशीला दिलं. बरेच दिवस चालीचा पत्ता नाही. मग एका संध्याकाळी घरी आली.

"याला चाल लागत नाहीये गं. मी वेगळंच काहीतरी लिहिलंय. चिडू नकोस, आधी ऐक."

पेटी नव्हती. टेबलावर बोटांनी ठेका धरून ती गायली,

'कोथिंबीर आणतो म्हणाला,
फोडणी जळून गेली गं...'

"स्मारकाच्या गाण्यात कोथिंबीर?" मी म्हटलं. "आणि हे तुला कुणी सांगितलं?"

"काकींनी. तुला माहीत नव्हतं?"

नव्हतं. रवी त्या दिवशी बाजारात कशाला गेला होता हे मी आईला कधी विचारलंच नव्हतं. शशी अधूनमधून दुपारी आईकडे येऊन बसते एवढं ठाऊक होतं. मला वाटायचं, दोघी टीव्ही बघत असतील.

सोसायटीच्या हॉलमध्ये गेलेल्यांच्या घरच्यांसमोर दोन्ही गाणी म्हटली. माझ्या गाण्याला टाळ्या पडल्या. तिचं संपलं. मग मागून एक बाई म्हणाल्या, "आमची लेक ब्लाऊज शिवायला टाकायला गेली होती." पाठोपाठ एक गृहस्थ बोलले, मग आणखी कुणी. ते एकेक सांगत गेले आणि शशीच्या गाण्याला कडवी मिळत गेली. मी आईकडे पाहिलं. निदान ती तरी माझ्या बाजूने बोलेल...

"शशीचा ठेव," आई म्हणाली. "कोथमीर आणूकच गेल्लो तो."

घरी जाताना मी शशीला सुनावलं, "भाऊ माझा गेला यार, आणि गाणं तुझं."

ती चिडली नाही. "माझं कुणी गेलं नाही ना, म्हणून मला विचारता आलं काकींना," म्हणाली. "तुला कसं जमणार होतं ते?" हे खरं होतं, आणि म्हणूनच मला ते अजिबात आवडलं नाही. तरी शाळेत डबा आम्ही एकत्रच खात राहिलो.

दरवर्षी चौकात पेटी शशी वाजवायची. तिच्या शेजारी खुर्चीवर आई, आणि मी मागे कोरसमध्ये. यंदाचा कार्यक्रम शशी गेल्यावर काही आठवड्यांनी झाला. पेटीवर नवे गृहस्थ होते. गायला पुढे मी, आईच्या जवळ. कडवं संपलं की शशी स्वरांवरून हात उचलून थोडी थांबायची, मग पुढचं कडवं. का, ते तिने कधी सांगितलं नाही. नव्या वादकांना हे माहीत नव्हतं, ते पुढे वाजवत गेले. पण लोक सवयीने थांबले. वादक गोंधळले, त्यांनीही हात उचलला. त्या शांततेत आई अगदी हळू, ओठातल्या ओठात म्हणाली,

"रवी."

मी ते पहिल्यांदा ऐकलं. शशीने दरवर्षी ऐकलं होतं.