साच्यासाठी तोंड

आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेला मी पहिला. त्यामुळे लोक विचारतात, त्या काळी दातांचं कॉलेज कसं होतं हो? त्यांना कौतुक ऐकायचं असतं. माझ्याकडे ते नाही. विद्या मिळाली, पण कुणी प्रेमाने वाढली नाही. हिसकून घ्यावी लागली.

वर्ध्याहून रेल्वेने एक रात्र लागे अशा मोठ्या शहरात ते कॉलेज होतं. दुसऱ्या वर्षी तोंडाचा साचा घ्यायला शिकवत. मेणासारखी तपकिरी वडी गरम पाण्यात मऊ करायची, घोड्याच्या नालेसारख्या ट्रेमध्ये भरायची आणि समोरच्याच्या दातांवर दाबून धरायची. घट्ट झाली की बाहेर काढून त्यात प्लास्टर ओतायचं आणि दातांचं मॉडेल करायचं. रोग्याला हात लावायची परवानगी तिसऱ्या वर्षी. तोवर एकमेकांची तोंडं वापरायची, जोडीदार हजेरीच्या क्रमाने. हातमोजे तेव्हा कुणी घालत नसे. बोटं सरळ तोंडात.

माझा जोडीदार वकिलाचा मुलगा, बोलायला गोड. पहिली पाळी त्याची. मी खुर्चीत बसून आ केला. त्याने बोटांना रुमाल गुंडाळला, श्वास रोखला आणि माझा साचा घेतला. त्याला चांगले गुण पडले. पडणारच. कडुलिंबाच्या काडीने घासलेले दात होते माझे.

मग माझी पाळी आली आणि त्याचं तोंड मिटलं.

"आज नको रे, दाढ ठणकतेय."

पुढच्या खेपेला, "मला ना, लगेच ओकारी येते. राग नको मानू."

त्यापुढे कारण द्यायचेही कष्ट त्याने घेतले नाहीत. मी बाकीच्यांना विचारलं. एक जण म्हणाला, "घरी कळलं तर आई जेवायची नाही." तो तेवढा खरं बोलला. बाकीचे हसून निसटले. जातीचं नाव मात्र कुणी काढलं नाही. सुशिक्षित मंडळी ना!

सरांकडे गेलो. त्यांना सगळं ठाऊक होतं, तरी मला सगळं सांगायला लावलं.

"तोंड ज्याचं त्याचं," ते म्हणाले. "सक्ती कशी करणार? पण मॉडेल दिल्याशिवाय परीक्षेला बसता येणार नाही."

"बाहेरच्या कुणाचं चालेल का, सर?"

"नाही. वर्गातल्याच विद्यार्थ्याचं पाहिजे. नियम आहे."

दिवाळीच्या सुट्टीत घरी, वर्ध्याजवळच्या नालवाडीला आलो. दिवाळी आम्ही सोडली होती, बौद्ध धम्माच्या दीक्षेला वर्ष झालं होतं. सुट्टी तेवढी उरली होती. हात बसावा म्हणून ट्रे, वड्या आणि डबाभर प्लास्टर सोबत आणलं होतं, पण पेटी उघडावीशी वाटेना. परत जायचंच नाही, असं मनाशी ठरत चाललं होतं.

बाप जिनातून, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यातून, आला. केसांत, भुवयांत कापूस.

"काऊन गा, तोंड पाडून बसलास?"

मी सांगितलं. काही झाकून ठेवलं नाही. शेजारची काकी उंबऱ्यात बसून ऐकत होती. ती ताडकन उठली.

"माह्या तोंडात घाल बोटं, बाप्पा! मले काई इटाळ होत नाई."

"तुह्या तोंडात हाय काय घ्यायले?" तिचा नवरा, काका, म्हणाला. "दोन दात, तेबी भांडून राह्यले."

"तुह्या तोंडात तं जीभच हाय नुसती!"

"वर्गातल्याचंच पाहिजे, काकी," मी म्हणालो. "बाहेरचं चालत नाई."

बाप खांद्यावरच्या दुपट्ट्याने भुवया पुसत होता. तो थांबला.

"मंग तू कोणच्या वर्गात हायेस?"

"म्हणजे?"

"तुह्यं नाव हाय ना तेथं? मंग तुह्यं तोंड वर्गातलंच झालं का नाई?"

इतके दिवस मी वर्गभर तोंड शोधत हिंडलो होतो, आणि स्वतःला त्या वर्गात मोजलंच नव्हतं. त्या लोकांनी मला इतकं बाहेरचं करून ठेवलं होतं.

मायने चुलीवर पाणी ठेवलं. बापाने आरसा धरला. स्वतःच्या तोंडात स्वतः ट्रे दाबून धरणं ही काय गंमत नाही. पार मागच्या दाढेपर्यंत न्यावा तर घशात जातो. पहिल्या खेपेला मी अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन ओकलो.

"अगं माय," काकी म्हणाली, "वकिलाच्या पोराले खरंच येत असन गा ओकारी!"

सगळे हसले. मी हसलो नाही. पुन्हा वडी मऊ केली. ती बिघडली, पुढचीही बिघडली. शेवटी एक साचा असा निघाला की शेवटच्या दाढेची खाचसुद्धा त्यात उतरली होती. प्लास्टर वाळल्यावर बापाने जिनातून मूठभर कापूस आणला आणि मॉडेल त्यात गुंडाळून दिलं.

सुट्टी संपल्यावर भरल्या वर्गात ते सरांच्या टेबलावर ठेवलं.

"कुणाचं?"

"माझं, सर."

मागे कुणीतरी फिसकलं.

"जोडीदाराचं आणायचं असतं."

"तुम्ही वर्गातल्या विद्यार्थ्याचं म्हणालात. मी वर्गातला विद्यार्थी आहे."

सरांनी पेन्सिल घेतली आणि तिच्या टोकाने मॉडेल इकडून तिकडे फिरवलं. प्लास्टर होतं ते. थुंकीचा थेंब नव्हता त्यात.

"वाळलंय, सर," मी म्हणालो. "हात लावून बघा."

मागच्या दाढा मॉडेल उचलल्याशिवाय दिसत नाहीत आणि त्या पाहिल्याशिवाय गुण देता येत नाहीत, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. त्यांनी ते उचललं. दाढेवरून अंगठा फिरवला. दोष काही सापडेना, तरी पास होण्यापुरते गुण टेकवले आणि बेसिनकडे जाऊन साबणाने हात धुतले.

धुवोत. मी परीक्षेला बसलो.