तेहतिसावा दात

तुमचा उपटलेला दात कोणाच्या मालकीचा, याचा तुम्ही कधी विचार केला आहे का? मंदीच्या दिवसांत मी केला, आणि मालेगावच्या बाजारात फजीत झालो.

त्या बाजारात दात काढणारे एक चाचा बसत. पुढे लाल कापड आणि त्यावर आजवर काढलेल्या दातांचा ढीग. तीच त्यांच्या दुकानाची पाटी. ढीग बघूनच लोक त्यांच्यापुढे तोंड उघडायचे. एका दाताला पायलीभर ज्वारी, हा त्यांचा जुना दर. पण ज्वारीचा भाव कोसळला आणि चाचांनी जाहीर केलं, धान्य बंद, रोख आणा.

तेव्हाच माझ्या मावशीचा गाल पेरूएवढा सुजलेला. आठ दिवस ती भाकरी पाण्यात कुस्करून गिळत होती. घरात ज्वारी होती, रोख नव्हती. पदरात पायली बांधून ती बाजारात गेली आणि दाढेसकट परत आली.

मी बावीस वर्षांचा होतो, पत्रकं वाचून वाढलेला. अन्याय दिसला की हात आपोआप दौतीकडे जाई. वीस पत्रकं लिहून वाटली: ‘दात आमचे! ज्वारी घ्या, नाहीतर दात परत द्या!’ ढीग गेला की पाटी गेली, पाटी गेली की गिऱ्हाईक गेलं, असा माझा हिशेब.

पुढच्या बाजारी लोक खरंच आले.

“हा मोठा माहा.”

“तुहा कायले? त्याले कीड हाये. माह्याच दाढेले होती.”

एका म्हातारीने तर निवडून निवडून तीन वेचले. चाचा ढिगावर हात पसरून म्हणाले, “अरे भाई, दात हायेत का बोरं? काहून वेचून राह्यले?”

चळवळीचा जोर ओसरू नये म्हणून मीही एक पांढराशुभ्र दात उचलला. “हा माझा!”

“तोंड उघडा,” चाचा म्हणाले.

एवढ्या लोकांपुढे तोंड मिटून घेणं पुढाऱ्याला शोभलं नसतं. उघडलं. त्यांनी बोट लावून एकेक मोजला.

“मालक, बत्तीसच्या बत्तीस जागेवर हायेत. हा तेहतिसावा कुठं उगवला होता?”

सारा बाजार हसला. चाचांनी पकड उचलली. “आता एक काढूनच देतो. तुमची बात खरी होऊन जाईल.”

मी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. पुन्हा पदरात पायली बांधून आलेल्या मावशीने मला बाजूला ढकललं आणि ती चाचांपुढे बसली.

“पोट्टं खोटं बोललं, पण माहा गाल खोटा नाई. काढ भाऊ.”

“बाई, लवंगाचं तेल मले ज्वारीवर कोण देते?”

“वकिलापासून रोख घे, पेठेतल्या व्यापाऱ्यापासून घे. त्याईच्या घरी हाये. माह्या घरी ज्वारी हाये, माह्यापासून ज्वारी घे. अन् दात तुह्यापाशीच ठेव. मले नको वापस.”

चाचांनी कापडाकडे पाहिलं. अर्धा ढीग लोकांच्या मुठींत होता.

“सोडा पदर,” ते म्हणाले.

दाढ निघाली. मावशीने रक्त थुंकलं, स्वतःच्या हाताने दाढ कापडावर ठेवली आणि वळून ओरडली, “ठेवा रे समदे वापस!”

सगळ्यांनी ठेवले. मीही ठेवला. म्हातारीने दोनच ठेवले.

तेव्हापासून चाचांचे दर दोन झाले, रोखवाल्याला रोख आणि ज्वारीवाल्याला ज्वारी. मंदी सरली नाही, पण गालावर हात ठेवून बाजारातून परतणारी माणसं कमी झाली.

म्हणून माझं एक ऐका. तुमच्या घरात कोणी भाकरी पाण्यात कुस्करून खात असेल आणि विचारल्यावर ‘काही नाही’ म्हणत असेल, तर आजच त्याला तोंड उघडायला लावा. मग दात काढणाऱ्यापुढे त्याच्यासोबत जाऊन बसा, आणि घरात जे असेल ते पुढे ठेवून दर ठरवा. फक्त निघण्यापूर्वी स्वतःचे दात मोजून घ्या.