साक्षीतलं नाव

यांनी सरकारी वकिली सोडली तेव्हा मी दोन दिवस यांच्याशी बोलले नाही. धुळ्यात कलेक्टरच्या बंगल्यावर ज्यांना बसायला खुर्ची मिळे असे देशी लोक मोजके, त्यांत हे होते. ती खुर्ची गेली, मागोमाग बडी अशिलंही गेली. आणि कशासाठी? अमळनेरच्या कापसाच्या जिनिंगमधल्या गोऱ्या मॅनेजरनं एका मजुराला लाथांनी तुडवलं, त्याचा खटला चालवायचा म्हणून. खोटं कशाला सांगू, मला भयंकर राग आला होता.

मजूर जागीच मेला. पाहणारी एकटी त्याची बायको. दुपारची भाकरी घेऊन गेली होती. साक्षीसाठी ती आमच्याकडेच उतरली. साहेबाचा बॅरिस्टर म्हणणार होता, ही त्याची बायकोच नव्हे, पढवून आणलेली बाई आहे. म्हणजे कोर्ट आधी नवऱ्याचं नाव विचारणार, आणि ही काही केल्या ते घेईना. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं आम्ही सगळ्याच मानायचो.

"अगं, आता तो आहे कुठे?" मी वैतागून म्हणाले.

तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. "अक्का, तुम्ही लेतस का त्यास्नं नाव?"

हे बाहेरच्या खोलीत कागद चाळत होते. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. मी डोळे मिटले आणि मोठ्यानं यांचं नाव घेतलं. बाहेर कागदांची सळसळ थांबली.

दुसऱ्या दिवशी ती एकटी जाईना, म्हणून मीही कोर्टात गेले. गोऱ्या मॅजिस्ट्रेटनं नवऱ्याचं नाव विचारलं. ती गप्प. पुन्हा विचारलं. बॅरिस्टर हसला. यांना तिला सुचवायची मुभा नव्हती. हे नुसते उभे. मॅजिस्ट्रेट तिला पिंजऱ्यातून उतरवणारच होता, तेवढ्यात तिनं वळून मला शोधलं. मी मान हलवली. मग तिनं नाव घेतलं, त्याच्या बापाच्या नावासकट, अख्ख्या कोर्टाला ऐकू जाईल असं.

पुढे साहेब नुसत्या दंडावर सुटला. यांना ती खुर्ची पुन्हा मिळाली नाही, आणि मीही त्या खुर्चीचा विषय कधी काढला नाही.

त्या दिवशी साक्ष देऊन बाहेर आल्यावर ती कोर्टाच्या पायरीवर मटकन बसली. तोवर तिनं डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं.

"अक्का, आते तो खरंच मरी गया," ती म्हणाली, आणि हंबरडा फोडला.