देवाचा मोहा आणि आमचा प्रिंटर

आमच्या चंद्रपूरच्या घरात प्रिंटर एकच आहे. तो माझ्या खोलीत, माझ्या विंडोजच्या संगणकाला जोडलेला असे. पत्नीचा जुना लॅपटॉप लिनक्सवर चालतो. जंगलातल्या गावांचे सामूहिक वनहक्काचे दावे ती त्यावर लिहून देते. तिला काही छापायचे, तर माझा संगणक सुरू असावा लागे आणि दर वेळी माझा पासवर्ड द्यावा लागे. तो मी येऊन स्वतः टाकत असे. सुरक्षिततेसाठी, असे मी सांगत असे. वायर काढून लॅपटॉपला लावू का, असे तिने एकदा विचारले होते. सेटिंग बिघडेल, असे मी उत्तर दिले. ते खरे नव्हते.

चिमूरच्या पलीकडच्या एका गावाच्या दाव्याची जिल्हा समितीपुढे सुनावणी होती. गावचे वयस्क प्रतिनिधी पहिल्या बसने आमच्याकडे आले. त्यांना वाचता येत नसल्याने पत्नीने हद्दीच्या खुणांची छापील यादी वाचून दाखवली.

"बाई, देवाचा मोहा राह्यला," शिवेवरच्या पूजेच्या झाडाबद्दल ते म्हणाले. "तो नसंल तर आमची शीव नाल्यापाशीच संपते."

तिने लगेच लॅपटॉपवर दुरुस्ती केली; आता यादी पुन्हा छापायची होती. मी तेव्हा ध्यानाला बसलो होतो. दाराबाहेर तिचे पाऊल थांबलेले मला ऐकू आले.

"ते बसले आहेत. थोडं थांबू या," ती पाहुण्यांना म्हणाली.

मी डोळे उघडले नाहीत. माझ्यासाठी कोणी थांबले आहे, ही जाणीव मला सुखद वाटत होती. हे लिहिताना संकोच होतो, पण ते तसेच होते. नेहमीपेक्षा मी अधिक वेळ बसलो. उठलो, तोवर ती दोघे निघून गेली होती. टेबलावर कार्बन पेपर पडला होता. तिने सारी यादी हाताने लिहून काढली होती.

दुपारी ती दोघे परतली. पोहोचेपर्यंत गावाचा पुकारा होऊन गेला होता; पुढची तारीख मिळाली. पत्नीने चहा ठेवला. चहा घेताना त्या गृहस्थांनीच विचारले, "तुमची मशीन तुमालेच ओळखते का जी, भाऊ?"

मी पासवर्डाचे कारण सांगू लागलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"आमच्या गावात लग्नात भात शिजवाचे मोठे गंज एकाच्या घरी राह्यते. तो घरी नसला तरी कोनी बी नेते. गंज काई इचारत नाई, तू कोन म्हनून." ते हसले. पत्नी हसली नाही.

त्या संध्याकाळी मी प्रिंटरची वायर माझ्या संगणकातून काढली आणि तो बैठकीतल्या राउटरला जोडला. तशी सोय त्यात पहिल्यापासून होती आणि मला ती ठाऊक होती. तिच्या लॅपटॉपने त्याला आपोआप शोधले. कामाला दहा मिनिटेही लागली नाहीत.

सुनावणीच्या पुढच्या तारखेला ते गृहस्थ पुन्हा पहिल्या बसने आले. मी ध्यानाला बसलो होतो, माझा संगणक बंद होता. बैठकीत प्रिंटर सुरू झाल्याचा आवाज आला. मग तिचा वाचण्याचा आवाज: नाला, दोन खडक, देवाचा मोहा.

"हव बाई, आता बराबर," ते म्हणाले. नंतर फाटक लागल्याचे ऐकू आले. दाराशी या वेळी कोणी थांबले नव्हते.