पुसायची राहिलेली काच

मंडळी, शिमगा जवळ आला म्हणून आज खिडक्या धुवायला काढल्या. सोड्याचं पाणी आणि जुने पेपर घेऊन सगळ्या काचा लख्ख केल्या. फक्त शेजारच्या वहिनींच्या घराकडची एक सोडली. तिच्यावर मागच्या पावसाळ्यातल्या सावित्री नदीच्या पुराच्या गाळाची रेघ आहे.

वहिनी वरच्या मजल्यावरून ओरडल्याच, "अगो, ती एक राहिली गो पुसायची!"

म्हटलं, "राहिली नाय वहिनी, ठेवलीय. पाणी त्या रेघेपर्यंत चढलं तेव्हा सासूबाईंना धरून मी तुम्हाला हाका मारत होते. तुम्ही बघितलंत आणि खिडकी लावून घेतलीत."

आजही त्यांनी खिडकी लावूनच घेतली. पण रेघ त्यांच्या बंद काचेतूनही दिसते. दिसू दे रोज.

तुम्ही पुसली असती का?